एनआयएल, पोर्टल आणि उचल: अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा पैसा खेळाडूला किती धरून ठेवतो?

नीटचा निकाल लागला की लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या कुठल्याही मोठ्या चौकात उभं राहून वर बघा. लेकराचं नाव, फोटो, गुण आणि खाली क्लासचं नाव. कधी कधी एकच चेहरा दोन क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो. त्या चेहऱ्यावर पुढच्या वर्षीचे प्रवेश होतात. लेकराच्या वाट्याला फी माफी आणि सत्काराची शाल येते. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचं भांडण नेमकं ह्याच गोष्टीवर होतं. नाव माझं, चेहरा माझा, ओळख माझी, मग त्यावर मिळणारा पैसा दुसऱ्याचा कसा? १ जुलै २०२१ पासून तिथल्या खेळाडूला आपलं नाव, प्रतिमा आणि ओळख विकायची मुभा मिळाली. ह्या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पैशाला एनआयएल म्हणतात.

हे परीक्षण त्या पैशाच्या व्यवस्थेचं आहे. तिच्यात तीन सेवा येतात: पैसा देणारे (आधी देणगीदारांचे ‘कलेक्टिव्ह’, आता खुद्द विद्यापीठं), खेळाडूला संघ बदलू देणारं ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आणि करार तपासणारं ‘एनआयएल गो’. तिन्हींना एकच प्रश्न लावला आहे: ह्यामुळे खेळाडू संघात टिकतो का? आधीच सांगतो, खेळाडूच्या खिशासाठी व्यवस्था चांगली आहे आणि ती यायलाच हवी होती. संघ टिकवण्याचं साधन म्हणून मात्र ती कच्ची आहे. का कच्ची, हे मराठवाड्यातल्या प्रशिक्षकांना आणि उंच लेकरांच्या मायबापांना माहीत असलं पाहिजे, कारण भारतातून तिकडे जायची वाट आता उघडली आहे. पंजाबचा सात फुटी अमान संधू ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकादमीतून मॉन्मथ विद्यापीठात जाऊन खेळला. ज्यांच्या घरात सहा फूट सहा इंचांचं पोरगं आहे, त्यांना एजंटांचे फोन येऊ लागतील आणि तेव्हा आकड्यांच्या मागचं गणित कळायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘पैसा आला आणि पोरं पळायला लागली’ हे अर्धंच खरं आहे. पोर्टल १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं, पैशाच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. पण तेव्हा संघ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला साधारणपणे एक अख्खा हंगाम बाहेर बसावं लागायचं. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदल केल्यास न बसता खेळायची सवलत मिळाली आणि जुलैमध्ये पैसा खुला झाला. दार उघडणं आणि दाराबाहेर किंमत लागणं एकाच उन्हाळ्यात घडलं. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयाने दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना बसवून ठेवण्यावर तात्पुरती बंदी घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) नियमच बदलला: अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा बदला. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये पुरुष बास्केटबॉलच्या २,००० हून अधिक खेळाडूंनी पोर्टलमध्ये नाव टाकलं. डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, संघ साडेतीनशेच्या थोडे वर आहेत, म्हणजे सरासरी संघामागे पाच-सहा जण. तेरा-पंधरा जणांच्या संघातले पाच-सहा दरवर्षी दारात उभे, अशी ही स्थिती आहे.

आता पैसा. बीड-धारूर-केजकडच्या वाचकाला हे सगळ्यात लवकर समजेल, कारण त्याने उचल पाहिलेली आहे. मुकादम कारखान्याकडून पैसा घेतो, कोयत्यामागे उचल देतो, टोळी दसरा-दिवाळीनंतर जाते आणि पाडव्याच्या आसपास परतते. योगायोग असा की अमेरिकेचा कॉलेज बास्केटबॉल हंगामही नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला अंतिम सामना होऊन संपतो. उचल टोळीला धरून ठेवते ती रकमेमुळे नव्हे. ती धरून ठेवते कारण ती फिटेपर्यंत अंगावर कर्ज असतं. उसतोड कामगाराच्या उचलीमागे पोटाची नड असते आणि त्या व्यवस्थेत माणसं फार भरडली जातात. तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण धरून ठेवण्याची यंत्रणा तिथे स्पष्ट दिसते, म्हणून तुलना कामाची आहे.

एनआयएलच्या पहिल्या तीन-चार वर्षांत कलेक्टिव्हने दिलेला पैसा उचलीसारखा हंगामाआधी ठरायचा, पण फेडीचं कलम बहुतेक करारांत नसायचं. खेळाडूने सह्या करायच्या, सोशल मीडियावर चार पोस्ट टाकायच्या, देणगीदारांच्या जेवणाला हजर राहायचं आणि महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे. मार्च संपला की करार संपला. म्हणजे ज्या महिन्यात खेळाडू जायची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच महिन्यात त्याला थांबवणारं काहीच हातात नाही. करार सप्टेंबर ते मार्च आणि पोर्टलची खिडकी मार्च-एप्रिलमध्ये (२०२५ ला ती २४ मार्च ते २२ एप्रिल अशी ३० दिवसांची होती), ही मूळ चूक. रक्कम वाढवून ती दुरुस्त होत नाही, पैशाची तारीख बदलून होते.

मायामी विद्यापीठाचं उदाहरण ह्यात सगळ्यात शिकण्यासारखं आहे. एप्रिल २०२२ मध्ये कॅन्सस स्टेटहून आलेल्या नायजेल पॅकला जॉन रुईझ ह्या मायामीतल्या उद्योजकाच्या लाइफवॉलेट कंपनीने दोन वर्षांसाठी ८ लाख डॉलर आणि एक गाडी दिली आणि आकडा स्वतःच जाहीर केला. त्याच आठवड्यात संघातला आधीचा प्रमुख खेळाडू आयझाया वाँग ह्याच्या एजंटने उघड सांगितलं की मोबदला वाढला नाही तर वाँग पोर्टलमध्ये जाईल. पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार दिसली की शेजारच्याचं पान कोरडं वाटणारच. शेवटी वाँग थांबला आणि दोघांनी मिळून २०२३ मध्ये मायामीला इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारमध्ये नेलं. पॅक मात्र २०२५ मध्ये ओक्लाहोमाला गेला. ह्यातून प्रशिक्षकाने घ्यायचं ते असं: बाहेरून येणाऱ्याला देऊ केलेला प्रत्येक आकडा हा आपल्याच जुन्या खेळाडूचा नवा भाव असतो. नवा माणूस आणायचा खर्च काढताना त्यात जुन्या पाच जणांची वाढ धरली नाही, तर अंदाजपत्रक पहिल्याच दिवशी फाटतं.

तोंडी शब्दाने काय होतं, तेही पाहिलेलं बरं. सप्टेंबर २०२४ मध्ये लास व्हेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका संघ तिन्ही सामने जिंकलेला असताना निघून गेला. १ लाख डॉलरचं आश्वासन पाळलं नाही, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाच्या बाजूने ते नाकारलं गेलं. प्रकरण अमेरिकी फुटबॉलचं आहे (क्वार्टरबॅक म्हणजे त्यातला चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), पण धडा बास्केटबॉललाही तसाच लागू: कुणी, कुणाला, किती आणि कधी देणार हे कागदावर नसेल, तर तो करार नव्हे.

उलट टोकाचंही उदाहरण आहे आणि ते उचलीच्या फार जवळ जातं. फ्लोरिडाचा फुटबॉलपटू जर्व्हॉन डेक्स्टर ह्याने २०२२ मध्ये एका गुंतवणूक कंपनीकडून ४,३६,४८५ डॉलर घेतले. बदल्यात व्यावसायिक कारकिर्दीतल्या करपूर्व कमाईचा १५ टक्के हिस्सा २५ वर्षं द्यायचा होता. २०२३ मध्ये त्याला तो करार रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. आपल्याकडे कुणी ‘तुमच्या लेकराच्या शिक्षणाचा, व्हिसाचा, ट्रेनिंगचा सगळा खर्च आम्ही करतो, पुढच्या कमाईतला एवढा हिस्सा द्या’ म्हणून कागद पुढे केला, तर सही करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: हिस्सा किती टक्के, किती वर्षं आणि खेळाडू जायबंदी झाला तर काय. वर्षांच्या जागी आकडा नसेल, ‘कायमस्वरूपी’ असेल, तर सही करू नका.

२०२५ पासून गणित बदललं. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाऊस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन ह्यांनी ६ जून २०२५ ला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांत ह्याची वाटणी साधारण अशी चालते: फुटबॉल ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉल १५, महिला बास्केटबॉल ५, बाकी सगळ्यांत ५. म्हणजे पुरुष बास्केटबॉलच्या वाट्याला साधारण ३० लाख ७५ हजार डॉलर. नवीन नियमाने संघ १५ जणांचा, म्हणजे समान वाटले तर डोक्याला २ लाख ५ हजार. समान कुणी वाटत नाही. वरचे तीन जण अर्ध्याच्या आसपास घेऊन गेले, तर उरलेल्या बारांत माणशी सव्वा लाख पडतो आणि नववा-दहावा खेळाडू ज्याला मिनिटंही कमी आणि पैसाही कमी, तो हंगाम संपला की पोर्टलमध्ये जातो. संघ गळतो तो बहुतेक वेळा ह्या खालच्या टोकाला; बातमी मात्र वरच्या नावाची होते.

ज्या विद्यापीठांना मोठा फुटबॉल संघच पोसायचा नाही, जशी बिग ईस्ट ह्या विद्यापीठांच्या गटातली बहुतेक, त्यांना मर्यादा तीच असली तरी त्यातला मोठा घास बास्केटबॉलला देता येतो. हा फायदा खरा आहे. लहान विद्यापीठांकडे मात्र मर्यादा गाठायला पैसाच नाही. ती रोपवाटिका झाली आहेत: रोप तिथे वाढतं, फळ दुसऱ्याच्या शेतात. २०२५ चं विजेतेपद मिळवणाऱ्या फ्लोरिडाचे तीन प्रमुख खेळाडू बघा. वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेल्माँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून.

फ्लोरिडा अटलांटिकवर थोडं थांबायला हवं, कारण ‘सगळं पैशामुळे’ म्हणणाऱ्यांना तिथे उत्तर मिळतं. २०२३ मध्ये हा लहान संघ अंतिम चारमध्ये गेला. जॉनेल डेव्हिस, मार्टिन, व्लाद गोल्डिन ह्यांना मोठ्या ठिकाणी जाता आलं असतं, तरी प्रशिक्षक डस्टी मे थांबले आणि संघ जवळजवळ जसाच्या तसा परतला. २०२४ मध्ये मे मिशिगनला गेले. गोल्डिन त्यांच्यामागे मिशिगनला, डेव्हिस आर्कान्सोला, मार्टिन फ्लोरिडाला. बाजारात पैसा दोन्ही वर्षी होता; बदलला तो प्रशिक्षक. क्लेटनचीही गोष्ट तशीच: २०२३ मध्ये रिक पिटिनो आयोना सोडून सेंट जॉन्सला गेले, त्याच उन्हाळ्यात क्लेटन निघाला. परड्यूमध्ये मॅट पेंटर दोन दशकं एका जागी आहेत आणि तिथे २०२२ ला आलेले ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर चौथ्या हंगामातही त्याच संघात खेळले. तेव्हा खेळाडू टिकवायचा असेल तर प्रशिक्षकाचा करार खेळाडूंच्या करारापेक्षा आधी बघावा, हे आमचं ठाम मत आहे.

एका बाबतीत मात्र ह्या पैशाने खरोखर धरून ठेवलं: जो कॉलेजमध्ये उत्तम आहे पण एनबीएला पुरणार नाही, असा उंच, वयाने मोठा खेळाडू. पूर्वी तो तिसऱ्या वर्षानंतर युरोपात किंवा एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये जायचा. आता कॉलेजमध्येच जास्त मिळतं, म्हणून थांबतो आणि पदवीही पूर्ण करतो. नॉर्थ कॅरोलिनाचा आर्मांडो बेकॉट पाच हंगाम एकाच ठिकाणी खेळला. ह्या एका गोष्टीसाठी व्यवस्थेला मनापासून दाद.

आता आपल्या लेकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: व्हिसा. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर खास परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवरही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. सही करणं, जाहिरातीत उभं राहणं, पोस्ट टाकणं हे ‘काम’ धरलं जाऊ शकतं आणि चूक झाली तर नुसता करार जात नाही, व्हिसा जातो. म्हणून केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर शिब्वे ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा तिथे, अमेरिकेबाहेर, जाहिरातीची कामं उरकून आला. कॅनडाचा झॅक ईडी अमेरिकी कॉलेजांतला सर्वोत्तम खेळाडू असतानाही ह्याच अडचणीत होता. एजंट सांगेल तो आकडा अमेरिकी नागरिकाचा असतो. भारतीय पासपोर्टवर त्यातला किती हातात येईल, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या. प्रशिक्षकाचा शब्द इथे चालत नाही. विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या पैशाबद्दलही प्रत्येक विद्यापीठाचे वकील वेगळं सांगतात. सुट्टीत घरी आल्यावर भारतात, भारतीय कंपनीसाठी केलेली जाहिरात ही त्यातल्या त्यात सुरक्षित वाट, पण तीही आधी विचारून.

हातात काय पडतं, त्याचा अंदाज असा घ्यावा. एनबीएमध्ये एजंटला खेळाडूच्या पगारातून जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात. कॉलेजच्या करारांना तशी मर्यादा नाही, १० ते २० टक्के सर्रास मागतात. अमेरिकी खेळाडूला हा स्वयंरोजगाराचा पैसा धरून प्राप्तिकराशिवाय १५.३ टक्के वेगळे भरावे लागतात, तेही वर्षातून चार हप्त्यांत. परदेशी खेळाडूच्या रकमेतून अनेकदा ३० टक्के आधीच कापून घेतात. एक लाख डॉलरचा आकडा ऐकला की पन्नास-पंचावन्न हजार मनात धरून निर्णय करा.

पोर्टल ही सेवा म्हणून सुटसुटीत आहे, हे मान्य करावं लागेल. खेळाडूने विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला लेखी कळवायचं. दोन कामकाजाच्या दिवसांत त्यांनी नाव टाकायलाच हवं. त्यानंतर इतर प्रशिक्षक संपर्क करू शकतात. मुख्य प्रशिक्षक गेला तर वेगळी मुदत मिळते. पण दोन काटे आहेत. नाव टाकल्यावर चालू सत्र संपलं की जुन्या विद्यापीठाला शिष्यवृत्ती पुढे चालवायचं बंधन राहत नाही. परत घेतलं नाही आणि दुसरीकडून बोलावणं आलं नाही, तर लेकरू परदेशात, फी अंगावर आणि व्हिसा शिष्यवृत्तीच्या भरवशावर. दुसरा काटा अभ्यासाचा. पदवीचा ४० टक्के भाग दोन वर्षांत, ६० टक्के तीन वर्षांत, ८० टक्के चार वर्षांत पूर्ण लागतो. नव्या विद्यापीठाने जुन्या विषयांचे श्रेयांक धरले नाहीत की हे टक्के कोसळतात आणि पैसा मिळूनही खेळाडू बाकावर बसतो. म्हणून नाव टाकण्याआधी गुणपत्रक नव्या शाखेच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघणं हे पहिलं काम. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर दोनदा.

एनआयएल गो हे डेलॉइट चालवतं. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार पाच कामकाजाच्या दिवसांत तिथे नोंदवायचा. ते बघतात: पैसा देणाऱ्याचा विद्यापीठाशी काय संबंध, खरंच जाहिरात आहे की जाहिरातीच्या नावाखाली खेळण्याचा पगार, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का. हेतू चांगला आहे. अडचण वेळेची. पोर्टलच्या दिवसांत खेळाडू एका आठवड्यात निर्णय करतो आणि मंजुरी नंतर येते. मंजूर न झालेल्या रकमेवर विसंबून संघ बदलू नये. करारातच लिहून घ्यावं की बाहेरचा हिस्सा नामंजूर झाला तर विद्यापीठ तो कुठून भरून देणार.

गुण द्यायचे तर: खेळाडूला मोबदला देण्यासाठी पाचपैकी चार. पोर्टलच्या सोयीसाठी साडेतीन. एनआयएल गोला अडीच. संघ टिकवण्यासाठी दीड, आणि तो दीड त्या थांबलेल्या मोठ्या खेळाडूंमुळे. भारतीय विद्यार्थ्यासाठी तूर्त एक.

आपल्याकडे कबड्डीचे, बास्केटबॉलचे क्लब स्थानिक दुकानदाराच्या, ट्रॅक्टर एजन्सीच्या पैशावर चालतात. चांगला चढाईपटू दुसऱ्या तालुक्याचा संघ पाच हजार जास्त देऊन उचलून नेतो, ही तक्रार परभणीपासून धाराशिवपर्यंत सारखीच आहे. त्यांना ह्यातून एक गोष्ट लगेच करता येईल. समजा प्रायोजकाने एका खेळाडूसाठी वर्षाचे ५०,००० रुपये दिले. सगळे गणपतीत हातात ठेवू नका. २५,००० हंगामाच्या पाच महिन्यांत पाच-पाच हजार करून, खुराक आणि प्रवासाला. १०,००० परीक्षेचा अर्ज भरल्याच्या पावतीवर. उरलेले १५,००० पुढच्या हंगामाची नोंदणी झाल्यावर, आणि खेळताना गुडघा गेला तरी ते द्यायचेच, हे त्याच कागदावर लिहून. फेडीचं कलम घालू नका. द्यायचा पैसा पुढच्या तारखेला ठेवा, अंगावर कर्ज ठेवू नका. आणि प्रायोजकाच्या फ्लेक्सवर फोटो लावायचा असेल तर किती महिने, कुठल्या गावात, हेही त्याच कागदावर, खेळाडूच्या आणि अठराच्या आतला असेल तर त्याच्या आई-वडिलांच्या सहीने.